पिंपांतील एल आणि गांवचा पब

इंग्रजांच्या पार्लमेंटचा इतिहास आपल्याकडील सुशिक्षितांस बराच ठाऊक असतो. त्यांच्या गांवच्या पबचा मात्र क्वचित्. पब म्हणजे निम्मा गुत्ता आणि निम्मी गांवची चावडी. आमच्या बहुतेक वाचकांचा मद्याशीं संबंध नसेल, व तो यावा अशी आमची इच्छाहि नाहीं. पण तेथील दोन पेयांच्या निमित्तानें लहान माणसाचा सरकाराशीं व बड्या भांडवलाशीं जो झगडा झाला, तो पाहण्याजोगा आहे.

पहिलें पेय सायडर. सफरचंदांचा रस आंबवून केलेलें हें पेय हेरफर्ड, सॉमरसेट, डेव्हन या परगण्यांत शेतकऱ्यांच्या घरोघर होई. शेतमजुरांच्या मजुरीचा कांहीं भागहि सायडरच्या रूपानें दिला जाई. १७६३ सालीं युद्धाचें कर्ज डोक्यावर असतां लॉर्ड ब्यूटच्या मंत्रिमंडळानें सायडरवर दर हॉग्सहेड पिंपामागें चार शिलिंग कर बसविला, आणि तो विकणाऱ्यावर नव्हे, तर करणाऱ्यावर. पैसे देणें लोकांनीं एक वेळ पत्करलें असतें. पण करामागोमाग अबकारी शिपाई घराचा उंबरठा ओलांडणार, हें कोणास सोसवेना. थोरल्या पिटनें पार्लमेंटांत हा प्रश्न घराच्या स्वातंत्र्याचा केला. ब्यूटनें त्याच वर्षीं राजीनामा दिला. कराविषयींचा क्षोभ हें त्याचें एक कारण होतें. १७६६ त तो कर रद्द झाला.

एलची गोष्ट अलीकडची. मोड आणून वाळविलेल्या जवाचा रस हॉपच्या फुलांबरोबर उकळून त्यास यीस्टचें विरजण लावलें कीं एल होते. खऱ्या एलची खूण अशी कीं, पिंपांत भरल्यावरहि यीस्ट जिवंत असतें आणि आंबण्याची क्रिया पबच्या तळघरांत पुरी होते. तळघर सुमारें बारा अंश सेंटिग्रेडवर राखावें लागतें, गाळ बसूं द्यावा लागतो, आणि पिंप एकदां फोडलें कीं तीन-चार दिवसांत पेय उतरूं लागतें. दह्या-ताकाचा संसार करणाऱ्या आमच्या गृहिणींस ही अडचण समजावून सांगावयास नको!

बड्या कारखानदारांस ती नकोच होती. गाळलेली, तापवून निर्जंतुक केलेली व वायूच्या दाबाखालीं भरलेली बिअर टिकते, दूरवर जाते, आणि तिला जाणता तळघरवाला लागत नाहीं. १९६० नंतर तिचा प्रसार झपाट्यानें झाला. पुष्कळसे पब कारखान्यांच्याच मालकीचे. तेव्हां मालक धाडील तेंच गिऱ्हाइकानें प्यावें! १९७१ सालीं चार तरुण इंग्रजांनीं आयर्लंडांत सुटींत असतांना याविरुद्ध एक संस्था काढली. तीच पुढें 'कँपेन फॉर रिअल एल' या नांवानें प्रसिद्धीस आली. १९८९ त सरकारनें बड्या कारखान्यांच्या पबांवर मर्यादा घातली व त्यांच्या पबवाल्यांस बाहेरची एक पिंपाची एल ठेवण्याची मुभा दिली. परिणाम मात्र विचित्र झाला. कारखान्यांनीं विकलेले बरेच पब मोठमोठ्या मालमत्तेच्या कंपन्यांनीं घेतले, आणि पबवाला एका धन्याच्या हातून सुटून दुसऱ्याच्या हातीं सांपडला. कायद्यानें मक्तेदारी मोडते असें मानणाऱ्यांनीं हें प्रकरण अवश्य अभ्यासावें.

२००५ सालीं केंट परगण्यांतील हर्न गांवीं खाटकाच्या जुन्या दुकानांत 'बुचर्स आर्म्स' नांवाचा एवढासा पब निघाला, आणि त्याच्या मागून देशांत अशीं शेंकडों लहान दुकानें निघालीं. कारखान्याचा पट्टा नाहीं, गाणेंबजावणें नाहीं. चार बाकें, थोडीं गिऱ्हाइकें, आणि नऊ गॅलनांचें एक पिंप, जें उतरण्यापूर्वींच रिकामें होतें.