लंडनचे धुरके, १९५२ : मृत्यूंची मोजणी कुठे थांबवायची?

हवेच्या प्रदूषणाने माणसे दगावतात, हे आज तुम्हाला वेगळे सांगावे लागत नाही. पण हे सिद्ध कसे झाले? मृत्यूच्या दाखल्यावर ‘धूर’ असे कारण नसते. न्यूमोनिया, ब्राँकायटिस किंवा हृदयविकार असे लिहिलेले असते. ही अडचण समजून घेण्यासाठी डिसेंबर १९५२ मधील लंडनची घटना पाहू.

त्या काळी लंडनमध्ये घरोघरी उबेसाठी कोळसा जाळत. युद्धोत्तर टंचाईत चांगला कोळसा निर्यात होई आणि घरांच्या वाट्याला हलक्या प्रतीचा, जास्त धूर करणारा कोळसा येई. ५ डिसेंबरला शहरावर हवा स्थिरावली. एरवी जमिनीलगतची उबदार हवा वर जाताना धूर सोबत नेते. त्या दिवसांत मात्र खाली थंड आणि वर उबदार हवा अशी उलटी रचना झाली. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. उबदार थर झाकणासारखा बसला आणि काजळी व सल्फर डायऑक्साइड खालीच कोंडले गेले. ९ डिसेंबरला वारा सुटेपर्यंत बहुतेक बसगाड्या बंद होत्या.

लंडनकरांना धुके नवे नव्हते, त्यामुळे घबराट पसरली नाही. संकटाचा आकार कळला तो मृत्यूच्या नोंदवह्यांतून. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहद् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यू नोंदले गेले. आदल्या वर्षी त्याच आठवड्यात १,८५२ झाले होते. वृद्ध, तान्ही मुले आणि छातीचे जुने रुग्ण यांना सर्वाधिक झळ बसली.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. सरकारी अहवालाने धुरक्याचे बळी सुमारे ४,००० मानले. मात्र मृत्यूंचे प्रमाण वारा सुटल्यावरही पुढचे दोन-तीन महिने चढेच राहिले. ते जादा मृत्यू सरकारने फ्लूच्या खात्यावर टाकले. सुमारे ५० वर्षांनी संशोधकांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. एवढे मृत्यू फ्लूने झाले असणे शक्य नाही, असे त्यांना दिसले. त्यांच्या अंदाजाने बळींचा आकडा १२,००० च्या आसपास गेला. नोंदी त्याच होत्या. मोजणी कुठे थांबवायची, एवढाच फरक होता.

४,००० हा आकडाही पुरेसा धक्कादायक होता. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवा कायदा केला. घरगुती धुरावर बंधन आले आणि शेगड्या बदलण्यासाठी अनुदान मिळाले.

आता आपल्याकडे या. कोलकात्याच्या धुरासाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये कायदे झाले. पण त्यांचा रोख कारखान्यांच्या व इंजिनांच्या भट्ट्यांवर होता. संपूर्ण देशासाठीचा वायुप्रदूषण कायदा १९८१ चा. गंगेच्या मैदानातील शहरांवर दर हिवाळ्यात तेच उलटे झाकण बसते. त्याखाली मात्र वाहने, वीटभट्ट्या, धूळ आणि शेतातील पेंढा जाळल्याचा धूर असतो. शिवाय आपल्याकडे नोंदल्या जाणाऱ्या बहुतेक मृत्यूंचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले नसते.

म्हणून प्रदूषणाच्या बळींचा कोणताही आकडा वाचाल, तेव्हा तीन प्रश्न विचारा : तुलना कोणत्या काळाशी केली आहे? मोजणी कुठे थांबवली? आणि उरलेले मृत्यू कोणाच्या खात्यावर टाकले?