दिवेघाटातली शिस्त

पुण्याहून निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांची वाट हडपसरला वेगळी होते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची दिवेघाट चढून सासवडला. वारीतला हा सर्वांत लांब पल्ल्यांपैकी एक. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. खाली मस्तानी तलाव, वर वळणावळणाने चढणाऱ्या पताका.

दुरून ही नुसती गर्दी वाटते. सोबत चालू लागले की तिच्यातला क्रम कळतो. काही दिंड्या रथापुढे, बाकीच्या मागे. प्रत्येकीला क्रमांक आणि ठरलेली जागा. मुक्कामी समाजआरतीला चोपदाराने चोप उंचावला की टाळ-मृदंग थांबतात.

ही शिस्त लष्करी वळणाची आहे. १६८५ मध्ये तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी दोन्ही संतांच्या पादुका एकाच पालखीतून नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकरांनी माउलींचा सोहळा स्वतंत्र केला. साताऱ्याकडच्या आरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार होते. त्यांना घोडे आणि लवाजमा पुरवला तो अंकलीच्या शितोळे सरकारांनी.

अंकली बेळगाव जिल्ह्यातली. राज्य पुनर्रचनेत, १९५६ साली, हा भाग म्हैसूर राज्यात गेला. तरी अंकलीचे घोडे दरवर्षी चालत आळंदीला येतात. रिंगणात स्वाराशिवाय धावणारा माउलींचा अश्व तिथलाच.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपण मराठी माणसांनी एवढे ध्यानात ठेवावे. या सोहळ्याची घडी ग्वाल्हेरच्या चाकरीतून आलेल्या माणसाने बसवली आणि त्याच्या पुढे आजही सीमाभागातले घोडे चालतात.