आठ यार्डांचा वाद

खेळाडूंबद्दल मतं असतात, आकड्यांबद्दल नसतात, असा एक समज अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांत पक्का मुरलेला आहे. कोण थोर यावर रात्रभर भांडावं, पण शेवटी विक्रमांचं पुस्तक उघडावं आणि पहिल्या ओळीत ज्याचं नाव असेल त्याच्यापुढे मान तुकवावी, अशी तिथली रीत. हा समज चुकीचा आहे. कसा ते पाहण्यासाठी एकच विक्रम पुरेसा आहे.

१७ डिसेंबर २०१६ रोजी लास वेगास बाऊल सामन्यात सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री ह्यूस्टनविरुद्ध ११५ यार्ड धावला आणि त्याच्या चार वर्षांच्या कारकिर्दीची बेरीज ६,४०५ झाली. ही बेरीज ‘रशिंग’ यार्डांची, म्हणजे चेंडू फेकून नव्हे तर पोटाशी धरून धावत पुढे नेलेल्या अंतराची. आधीचा विक्रम विस्कॉन्सिनच्या रॉन डेनचा, १९९९ चा: ६,३९७. फरक आठ यार्डांचा. एनसीएए या नियामक संस्थेने पम्फ्रीचं नाव वर चढवलं आणि त्याच क्षणी विस्कॉन्सिनच्या मॅडिसन शहरात बोंब उठली. कारण विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या स्वतःच्या वहीत डेनच्या नावापुढे ६,३९७ नव्हे, ७,१२५ लिहिलेले आहेत.

दोन्ही आकडे खरे आहेत. डेन चार बाऊल सामने खेळला: १९९६ च्या कॉपर बाऊलमध्ये युटाविरुद्ध २४६ यार्ड, १९९८ च्या आउटबॅक बाऊलमध्ये जॉर्जियाविरुद्ध ३६, १९९९ च्या रोझ बाऊलमध्ये यूसीएलएविरुद्ध पुन्हा २४६ आणि २००० च्या रोझ बाऊलमध्ये स्टॅनफर्डविरुद्ध २००. एकूण ७२८. पण हंगामानंतरच्या या सामन्यांतली वैयक्तिक कामगिरी एनसीएए २००२ पासूनच हिशेबात धरते. पम्फ्रीही चारच बाऊल खेळला, त्याचे चारही मोजले गेले. शेवटचा वगळला तर तो ६,२९० वर थांबतो. म्हणजे ज्या प्रकारच्या सामन्यातले डेनचे यार्ड कागदावर उमटलेच नाहीत, नेमक्या त्याच प्रकारच्या सामन्यात त्याचा विक्रम मोडला.

अधिकृत पुस्तकाची बाजू घेणाऱ्यांचा पूर्वपक्ष कमकुवत नाही, तो नीट मांडला पाहिजे. ते म्हणतात, नियम मागे लागू होत नसतो. डेनच्या काळात बाऊल कुणाचेच मोजत नव्हते. टोनी डॉर्सेटचे १९७६ पर्यंतचे ६,०८२ त्याच मापाने मोजले, रिकी विल्यम्सने १९९८ मध्ये तो विक्रम ६,२७९ वर नेला तोही त्याच मापाने, आणि वर्षभरात विल्यम्सला मागे टाकून डेन अव्वल ठरला तोही त्याच मापाने. मग मोठं होताना जे माप चाललं, ते हरताना का टोचावं?

हे उत्तर बिनतोड वाटतं, पण ते वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर आहे. नियम आपापल्या काळात सर्वांना सारखा होता, हे कबूल. तक्रार नियमाविरुद्ध नाहीच, ती रकान्याविरुद्ध आहे. २००२ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे एनसीएए एकाच रकान्यात एकाखाली एक छापते आणि वाचणाऱ्याला वाटतं की सगळी बेरीज एकाच तराजूची. तराजू बदलला हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

बाऊल मोजत नव्हते यालाही कारण होतं. १९०२ च्या पहिल्या रोझ बाऊलपासून हे सामने निमंत्रणाचे, सुट्टीतल्या जत्रेसारखे मानले जात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था देशाचा विजेता ठरवणारी आपली अखेरची क्रमवारी बाऊलच्या आधीच जाहीर करत असे. १९६५ चा अपवाद सोडला तर बाऊलनंतर विजेता ठरवण्याची पद्धत १९६८ पासूनच कायम झाली. तोवर बाऊलमधले यार्ड न मोजणं सुसंगत होतं. त्यानंतरची चौतीस वर्षं मात्र बाऊल देशाचा विजेता ठरवायला पुरत होता, धावणाऱ्याचे यार्ड धरायला नव्हता. या विसंगतीचं समर्थन मला कुठेच पटलेलं नाही.

विसंगती किती खोल जाते ते पाहायला विस्कॉन्सिनचंच दुसरं प्रकरण घ्या. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने एका हंगामात धावलेल्या यार्डांचा विक्रम डेनच्या नावावर होता: १९९६ मधले १,८६३. ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने २००४ मध्ये तो १,९२५ वर नेला. त्यातले ८२ ऑरेंज बाऊलमधले, ते काढले तर पीटरसन डेनच्या खालीच राहतो. मग २०१७ मध्ये विस्कॉन्सिनच्याच जोनाथन टेलरने १,९७७ यार्ड करून पीटरसनला मागे टाकलं. मॅडिसनमध्ये आनंद झाला खरा, पण विद्यापीठाच्या वहीत डेनचं पहिलं वर्ष २,१०९ चं आहे, कारण तिथे कॉपर बाऊल धरलेला आहे. म्हणजे टेलर देशात पहिला आणि स्वतःच्या विद्यापीठात दुसरा!

यावर डेनचे कैवारी लगेच म्हणतील, मग सोपं आहे, जुने बाऊल मिळवून टाका. हा दुसरा पक्ष लोकप्रिय आहे आणि तो न्यायाच्या आवेशात बोलतो, म्हणून त्याला जरा जास्तच तपासलं पाहिजे. बाऊलचं निमंत्रण खेळाडूला येत नाही, संघाला येतं. डेनच्या चारही वर्षांत विस्कॉन्सिनला ते आलं. कॉर्नेलच्या एड मॅरिनारोला कधीच येणार नव्हतं, कारण आयव्ही लीगची विद्यापीठं बाऊल खेळतच नसत. शिवाय बाऊल मिळवल्यावर तरी समानता कुठे येते? २००६ पासून नियमित हंगाम अकराऐवजी बारा सामन्यांचा झाला, मग परिषदांचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटांचे, अंतिम सामने वाढले, २०१४ पासून प्लेऑफ आला. विस्कॉन्सिनच्या मॉन्टी बॉलने २०११ मध्ये ३९ टचडाउन करून बॅरी सँडर्सच्या १९८८ च्या विक्रमाशी बरोबरी केली. त्यातले चार बिग टेन परिषदेच्या पहिल्यावहिल्या अंतिम सामन्यातले आणि एक रोझ बाऊलमधला. सँडर्सने ओक्लाहोमा स्टेटसाठी आपले ३९ अकरा सामन्यांत केले होते. त्याच्या वेळी परिषदेचा अंतिम सामना नव्हता, आणि हॉलिडे बाऊलमध्ये वायोमिंगविरुद्ध केलेले २२२ यार्ड व पाच टचडाउन मोजले गेले नाहीत. बाऊल मिळवून एक अन्याय मिटतो, चार उघडे राहतात.

मग सरासरी काढा, असं म्हणणारा तिसरा पक्ष असतो, आणि तो स्वतःला शास्त्रीय समजतो. सँडर्सचे २,६२८ यार्ड अकरा सामन्यांतले, म्हणजे सामन्यागणिक २३८.९. बॉयझी स्टेटचा अॅश्टन जेंटी २०२४ मध्ये चौदा सामने खेळून २,६०१ वर अडकला, सत्तावीस यार्ड कमी. त्याची सरासरी १८५.८. झाला निकाल? पण जेंटीचा चौदावा सामना प्लेऑफमधला होता, पेन स्टेटसारख्या बलाढ्य संघाशी, आणि त्यात त्याला १०४ यार्डच मिळाले. पुढची फेरी गाठली म्हणून सरासरी घसरली. यशाचीच शिक्षा देणारं हे माप न्याय्य कसं? आणि कारकिर्दीच्या सरासरीचा विक्रम कोणाकडे आहे? त्याच मॅरिनारोकडे. १९६९ ते ७१ या तीन हंगामांतल्या सत्तावीस सामन्यांत ४,७१५ यार्ड, सामन्याला १७४.६. पहिल्या वर्षाच्या मुलांना तेव्हा खेळूच देत नसत, म्हणून तीनच हंगाम, तेही नऊ-नऊ सामन्यांचे. याच मापाने डेन १४८.८ वर येतो आणि पम्फ्री ११८.६ वर. मॅरिनारो इतिहासातला सर्वश्रेष्ठ धावपटू होता, असं सरासरीवाले तरी म्हणतील का? नाही म्हणणार. लगेच ‘पण आयव्ही लीगमध्ये समोर कोण होतं’ असं विचारतील. हा प्रश्न विचारला की ते आकड्यांच्या बाहेर आलेच.

आता त्या आठ यार्डांकडे वळू. फुटबॉलमध्ये प्रत्येक धाव पूर्ण यार्डात नोंदवतात, अपूर्णांक नसतो. साडेतीन यार्डांची धाव कागदावर तीनची होते किंवा चारची. पम्फ्रीने १,०५९ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली. दर धावेमागे अर्ध्या यार्डापर्यंतची चूक इकडे किंवा तिकडे होते असं धरलं, तर बहुतेक चुका एकमेकींना खाऊन टाकतात, पण हजार धावांअंती दहाएक यार्डांची तफावत सहज उरू शकते. डेनच्या बाजूलाही तेवढीच. दोघांतलं अंतर आठ! मोजपट्टीच्या जाडीइतक्या फरकावर इतिहास लिहिला गेला आहे, आणि हे कोणत्याच पक्षाला खटकत नाही.

यार्ड कोणाच्या खात्यात टाकायचे हादेखील ठरावाचाच भाग आहे. पास टाकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडलं तर गमावलेले यार्ड कॉलेज फुटबॉलमध्ये त्याच्या रशिंगमधून वजा होतात. व्यावसायिक एनएफएलमध्ये तेच संघाच्या पासिंगमधून जातात. घटना एक, पण कॉलेजच्या वहीत तो धावणारा म्हणून कमी पडला असं दिसतं, एनएफएलच्या वहीत दिसत नाही.

तर अधिकृत पुस्तकवाले, बाऊलवाले आणि सरासरीवाले आपसात भांडत असले तरी त्यांची मूळ श्रद्धा एकच आहे: धुळीखाली कुठेतरी एक खरा आकडा आहे, नीट झटकलं की दिसेल. तसा आकडा नाही. ६,३९७, ७,१२५ आणि १४८.८ ही तीन वेगवेगळ्या प्रश्नांची तीन बरोबर उत्तरं आहेत.

यावरून विक्रम निरर्थक ठरतात असं म्हणणाऱ्यांशीही माझं जुळत नाही. देशाच्या यादीपेक्षा एका विद्यापीठाची वही मला जास्त विश्वासार्ह वाटते, कारण तिथे प्रश्न फारसा बदलत नाही. तीच परिषद, तेच कॅम्प रँडल स्टेडियम, धिप्पाड लाइनच्या आडून धावण्याची तीच परंपरा. डेन १,२२० धावांत ७,१२५. टेलर तीनच वर्षांत ९२६ धावांत ६,१७४. दर धावेमागे डेन ५.८, टेलर ६.७. इथे कोण थोर हे कळत नाही, पण दुसरं काहीतरी कळतं. प्रशिक्षक बॅरी अल्व्हारेझ सामन्यामागे सव्वीस वेळा चेंडू एकाच माणसाच्या हाती देत राहिले आणि त्या माणसाच्या गुडघ्यांनी चार वर्षं ते सोसलं. डेनच्या आकड्यात प्रशिक्षकाचा हट्टही मोजलेला आहे. याउलट २०१३ मध्ये मेल्विन गॉर्डनने १,६०९ आणि जेम्स व्हाइटने १,४४४ यार्ड केले, एकाच संघात, काम वाटून घेऊन. व्हाइट गेला आणि पुढच्याच वर्षी गॉर्डन २,५८७ वर पोचला. गॉर्डन वर्षभरात दीडपट चांगला झाला नव्हता. काम वाटून घेणारा जोडीदार नाहीसा झाला होता.

त्याच हंगामात, १५ नोव्हेंबर २०१४ रोजी, नेब्रास्काविरुद्ध गॉर्डनने २५ धावांत ४०८ यार्ड केले. एका सामन्यातला तो राष्ट्रीय विक्रम, आधीच्या ४०६ पेक्षा दोनच यार्ड जास्त. तिसऱ्या सत्राच्या शेवटच्या चालीवर २६ यार्डांचा टचडाउन केला आणि नंतर तो मैदानात उतरलाच नाही, सामना केव्हाच जिंकून झाला होता. आठवड्यात ओक्लाहोमाच्या समाजे पेरीनने कॅन्ससविरुद्ध ३४ धावांत ४२७ केले आणि देशाच्या यादीतून गॉर्डन उतरला. विस्कॉन्सिनच्या वहीत ४०८ आहेतच, आणि त्यांच्यापुढे ते २५ देखील आहेत. देशाच्या यादीत लोक फक्त पहिला रकाना वाचतात.

विद्यापीठाच्या वहीलाही आता एक अडचण आली आहे. केस कीनमने ह्यूस्टनसाठी १५५ टचडाउन पास टाकले, दुखापतीमुळे मिळालेल्या सहाव्या वर्षासह, सगळे एकाच विद्यापीठात. २०२४ च्या हंगामाअखेर डिलन गॅब्रिएलचेही बरोबर १५५ झाले, त्यालाही सहा वर्षं मिळाली, एक दुखापतीचं, एक कोविडचं. पण त्याचे ७० सेंट्रल फ्लोरिडाचे, ५५ ओक्लाहोमाचे आणि ३० ओरेगनचे. ही पूर्ण बेरीज तिन्हींपैकी एकाही विद्यापीठाच्या वहीत नाही. ती सापडते फक्त एनसीएएच्या रकान्यात, कीनमच्या शेजारी, सारख्याच आकड्याने.