ऐनवेळी युरोप: कुटुंबासह निघण्याआधी व्हिसाचे गणित कसे जुळवायचे?

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात शाळांना सुट्टी लागते आणि घराघरात एकच विषय निघतो, यंदा कुठे जायचं? अलीकडे गोवा-महाबळेश्वरच्या जोडीला पॅरिस, रोम, अ‍ॅमस्टरडॅम ही नावंही बेळगाव, निपाणी, खानापूरच्या घरांतून ऐकू येतात. मुलगा किंवा मुलगी तिकडे नोकरीला, शिक्षणाला असेल तर विचारायलाच नको. पण बेत ठरतो मार्चच्या शेवटी आणि निघायचं असतं मे महिन्यात. एवढ्या वेळात युरोप जमतो का?

जमतो, पण त्यासाठी कामाचा क्रम उलटा करावा लागतो. आपल्याकडे आधी विमानाचं तिकीट बघतात, मग हॉटेल, शेवटी व्हिसा. पैसे टाकले तर तिकीट आणि हॉटेल आदल्या दिवशीही मिळतं. व्हिसाच्या अर्जासाठी लागणारी वेळ, म्हणजे अपॉइंटमेंट, मात्र सुट्टीच्या हंगामात लवकर मिळत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करायची.

शेंगेन व्हिसाचा नियम असा: प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवसांची, पण जादा कागदपत्रं मागवली किंवा चौकशी निघाली तर ती ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकते. हे दिवस अर्ज दाखल झाल्यापासूनचे, अपॉइंटमेंटची वाट बघण्यातले दिवस वेगळे. हाताशी सहा-सात आठवडे असतील तर प्रयत्न करावा. तीन आठवडेच उरले असतील आणि अपॉइंटमेंटही हातात नसेल, तर यंदा युरोप सोडून द्या आणि तो दिवाळीला न्या, असंच आम्ही सांगू.

आधी अपॉइंटमेंट, मग शहर

शेंगेनमध्ये २९ देश आहेत. ब्रिटन आणि आयर्लंड त्यात नाहीत, त्यामुळे लंडन जोडायचं तर वेगळा व्हिसा, वेगळा खर्च. ऐनवेळच्या बेतात लंडन वगळलेलंच बरं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये आहे, एकाच व्हिसावर चालतो.

अर्ज कुठल्या देशाकडे करायचा? जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे. रात्री सारख्या असतील तर जिथून पहिला प्रवेश करणार त्याच्याकडे. घाईत असलेल्यांनी या नियमाचा सरळ उपयोग करून घ्यावा. समजा आठ रात्रींचा बेत आहे, पॅरिस पाच आणि अ‍ॅमस्टरडॅम तीन. फ्रान्सची तारीख मिळत नाही, नेदरलँड्सची मिळते. तर बेतच फिरवा, अ‍ॅमस्टरडॅम पाच आणि पॅरिस तीन करा. मात्र फिरवलेला बेत खरोखर पाळायचा. कागदावर एक देश आणि मुक्काम दुसऱ्यातच, हा प्रकार पुढच्या व्हिसाला नडतो.

सीमाभागात आणखी एक पेच असतो. काही देश भारतात कुठल्याही केंद्रावर अर्ज घेतात, तर काही अर्जदाराच्या पत्त्याचं राज्य बघतात. तेव्हा बेळगावच्या माणसाला बेंगळूर आणि शेजारच्या चंदगडच्या पाहुण्याला मुंबई किंवा पुणे, असं होऊ शकतं. दोन घरं मिळून जाणार असाल तर हे आधी तपासा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. गेल्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिले असतील तर सहसा ते पुन्हा चालतात.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो, त्याखालच्यांना माफ. आई-वडील, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा असं कुटुंब धरलं तर ३१५ युरो होतात. केंद्राचा सेवा आकार वेगळा. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. "अपॉइंटमेंट मिळवून देतो" म्हणून वर हजारो रुपये मागणाऱ्यांपासून लांब राहा. देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर रोज सकाळ-संध्याकाळ बघत राहिलं तर कुणी रद्द केलेली तारीख सापडू शकते.

मुलांचा पासपोर्ट आज काढून बघा

मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, पण मुलांचा पाचच वर्षांचा असतो. बेत फसतात ते बहुतेक इथेच. परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने पासपोर्ट वैध हवा, तो गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुदत संपत आली असेल तर तत्काळमधून नवा काढावा लागेल, म्हणजे वेळापत्रकात तेवढे दिवस आणखी धरा. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांसोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागतं.

कागदपत्रांत तीन गोष्टी बघतात: पैसे कुठून येतात, परत याल कशावरून, आणि राहणार कुठे. नोकरदारांना पगारपत्रक, रजेचं पत्र, आयकर विवरणपत्र. दुकानदारांना जीएसटी नोंदणी. शेती असणाऱ्यांनी आरटीसी उतारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या इंग्रजी भाषांतरासह जोडाव्यात. शेतीचं उत्पन्न तिकडच्या अधिकाऱ्याला आपोआप कळत नाही, ते एका साध्या पत्रात समजावून लिहावं लागतं. जन्मदाखला फक्त कन्नड किंवा मराठीत असेल तर त्याचंही भाषांतर करून घ्या. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं नाव आणि बँकेत सासरचं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला लागेलच. आणि अर्जाच्या आठवडाभर आधी पाहुण्यांकडून चार लाख खात्यात घेऊन शिल्लक फुगवू नका. असा एकदम आलेला पैसा लगेच नजरेत भरतो.

किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे. आजी-आजोबा सोबत असतील तर जुन्या आजारांचं काय, हे पॉलिसीत नीट वाचा. विमानाचं मात्र अर्जासाठी आरक्षण दाखवावं, परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात आल्यावरच घ्यावं. बनावट तिकीट जोडणाऱ्या एजंटाच्या नादी लागलात तर व्हिसा तर जाईलच, नावावर शेराही बसेल.

गोव्यातल्या वाचकांसाठी एक मुद्दा. घरात कुणाकडे पोर्तुगालचं नागरिकत्व असेल आणि ती व्यक्ती पोर्तुगाल सोडून दुसऱ्या युरोपीय संघाच्या देशात जात असेल, तर सोबतच्या जोडीदाराला आणि २१ वर्षांखालच्या मुलांना व्हिसा शुल्क नसतं.

दोनच शहरं

आठ-नऊ दिवसांत सहा शहरं दाखवणाऱ्या सहली असतात, पण लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन ती दमछाक नको. रेल्वेने जोडलेली दोन शहरं निवडा. पॅरिस-अ‍ॅमस्टरडॅम साधारण साडेतीन तास, व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीन, रोम-फ्लॉरेन्स जेमतेम दीड. बेंगळूरहून पॅरिस, फ्रँकफर्ट, अ‍ॅमस्टरडॅमला थेट विमानं आहेत. एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतायचं तिकीट घेतलं तर माघारी फिरण्याचा दिवस वाचतो. हॉटेलच्या एका खोलीत चौघांना सहसा घेत नाहीत. स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट बघा, डाळ-भात शिजवता येतो.

ऐनवेळी गेलात तर काही गोष्टी हुकणारच. अ‍ॅमस्टरडॅममधलं अ‍ॅन फ्रँकचं घर सहा आठवडे आधी ऑनलाइन खुलं होतं आणि लगेच भरतं, दारात तिकीट मिळत नाही. आयफेल टॉवरच्या लिफ्टचं आगाऊ आरक्षण संपलं असेल तर दुसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याचं तिकीट जागेवर मिळतं, पोरांना तेच जास्त आवडेल. लूव्र मंगळवारी बंद, व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद. लूव्रमध्ये १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद करण्याची पद्धत सुरू झाली आहे. रांगा लांबतात. पहिल्या विमानतळावर विमान बदलायचं असेल तर मध्ये तीन तास तरी ठेवा.

आणि पिशवी भरताना एवढं बघा: मांस, दूध आणि दुधाचे पदार्थ प्रवाशाला युरोपीय संघात नेता येत नाहीत. तिकडच्या लेकीसाठी बेळगावचा कुंदा किंवा घरचं तूप घेतलं तर विमानतळावर ते काढून घेऊन फेकून देऊ शकतात. हापूसलाही वनस्पती आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी, मेतकूट खुशाल न्या.