रझाकाराच्या गोष्टीत आपली वस्ती कुठे आहे?

दर १७ सप्टेंबरला नांदेड-लातुरात झेंडावंदन होते आणि रझाकारांच्या जुलमाच्या गोष्टी सांगितल्या जातात. जुलूम खरा होता. त्यांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरातच वकिली करायचा. आमचा सवाल आहे तो या गोष्टी रचणाऱ्यांना.

मुक्तिसंग्रामावरच्या कथा-सिनेमांत बहुधा दोनच माणसे दिसतात: बंदूक घेतलेला सवर्ण देशभक्त आणि क्रूर रझाकार. महारवाडा-मांगवाडा आलाच तर निरोप्या म्हणून, नाहीतर रझाकारांचा हस्तक म्हणून.

या शिक्क्याला इतिहासाचा आधार किती? बी. एस. व्यंकटराव निजामाच्या बाजूने लायक अलींच्या मंत्रिमंडळात बसले, हे खरे. पण जे. एच. सुबय्यांचे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन त्या वाटेने गेले नाही. खुद्द बाबासाहेबांनी २७ नोव्हेंबर १९४७ च्या निवेदनात बजावले होते की, अस्पृश्यांनी निजामाची बाजू घेऊन समाजाला बट्टा लावू नये. व्यंकटराव लक्षात ठेवायचे आणि हे निवेदन विसरायचे, यालाच आम्ही प्रतिनिधित्वाचे राजकारण म्हणतो.

दुसरी लबाडी शेवटात आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला सैन्य शिरले, १७ ला निजाम शरण आला, तिरंगा फडकला, गोष्ट संपली! त्यानंतरची कत्तल कोण लिहिणार? सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद होते. लातूर तेव्हा उस्मानाबादेत होते. तिथे कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. मेलेले बहुतेक मुसलमान होते. हा अहवाल कित्येक दशके दाबून ठेवला गेला.

निजाम गेला, गावगाडा तसाच राहिला. १९७८ मध्ये विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मागितले, तर नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंची हत्या झाली. मुक्तीला तेव्हा तीस वर्षे झाली होती. मग मुक्ती कुणाची झाली?

परक्या सत्तेशी लढणारा नायक मांगवाड्यातून येऊ शकतो, हे अण्णाभाऊंनी १९५९ मध्ये ‘फकिरा’त दाखवले आणि ती कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. १९४८ च्या मराठवाड्याला असा लेखक हवा आहे. तो दिवस पाहिलेली माणसे आज ऐंशी-नव्वदीत आहेत. मित्रांनो, वस्तीवस्तीत जा, त्यांचे बोलणे रेकॉर्ड करा, गावाचे नाव आणि तारीख टाकून जपून ठेवा. आपण लिहिले नाही, तर आपल्याबद्दल दुसरेच लिहीत राहतील.

जय भीम!