मुंबई ते लंडन: विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो?

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. थेट विमानाने मुंबईहून लंडनला पोहोचायला साधारण साडेनऊ ते साडेदहा तास लागतात, तर परतीचा प्रवास साधारण नऊ तासांत होतो. अंतर तेच असताना वेळेत हा फरक का पडतो?

हे अंतर कसे मोजतात?
सपाट नकाशावर पट्टी ठेवली तर रेषा इराणचे आखात, इराक आणि तुर्कस्तानवरून जाते. पण पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला, तर तो आणखी उत्तरेकडून, म्हणजे पाकिस्तान, इराण, कॉकेशस आणि युक्रेनवरून जातो. हाच सर्वांत जवळचा मार्ग. ७,२०० किलोमीटर हे अंतर याच मार्गाचे आहे.

विमान याच मार्गाने जाते का?
नेहमीच नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाल्यापासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांसाठी बंद आहे. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही आपली हवाई हद्द भारतीय विमान कंपन्यांसाठी बंद केली. अशा वेळी वळसा घ्यावा लागतो आणि प्रवासाचा वेळ वाढतो.

जाताना जास्त वेळ का लागतो?
साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. लंडनला जाताना हे वारे समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात.

एक सोपा हिशेब करू. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि वाऱ्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटर धरला, तर जाताना सुमारे ८ तास २८ मिनिटे आणि येताना ७ तास ३५ मिनिटे लागतात. म्हणजे जवळजवळ तासाभराचा फरक. यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे-उतरणे आणि वळसा यांचा वेळ मिळवला की तिकिटावरची वेळ येते.

घड्याळाचा हिशेब कसा करायचा?
तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या-त्या शहराची स्थानिक वेळ असते. हिवाळ्यात लंडन भारताच्या साडेपाच तास मागे असते. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत हा फरक साडेचार तासांचा असतो.

समजा, जानेवारीत विमान मुंबईहून दुपारी १ वाजता सुटले आणि १० तास उडाले. तेव्हा मुंबईत रात्रीचे ११ वाजलेले असतील, पण लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच. हाच प्रवास जूनमध्ये केला, तर लंडनमध्ये साडेसहा वाजलेले असतील. विमानतळावर कोणी घ्यायला येणार असेल, तर त्यांना लंडनचीच वेळ कळवा.

थेट विमान की मध्ये थांबणारे?
दुबईमार्गे अंतर सुमारे ७,४३० किलोमीटर, म्हणजे फारसे जास्त नाही. वेळ वाढतो तो मुख्यतः दुबईत दुसऱ्या विमानाची वाट पाहण्यात. म्हणून स्वस्त तिकीट घेताना, विशेषतः घरातील ज्येष्ठ मंडळी एकटी जाणार असतील तर, केवळ उड्डाणाचे तास पाहू नका. मधला थांबा धरून एकूण प्रवास किती तासांचा आहे, ते आधी पाहा.