डार्टमथ येथील निवड

मोठें सरकारी विद्यापीठ बरें कीं लहान कॉलेज, हा पेंच अमेरिकेंतील डार्टमथच्या विद्यार्थ्यांपुढें एकाच गांवांत उभा राहिला. १७६९ च्या राजसनदेनें स्थापिलेलें हें कॉलेज न्यू हॅम्पशायरच्या कायदेमंडळानें १८१६ सालीं ‘विद्यापीठ’ करून टाकलें. इमारती सरकारपक्षाच्या ताब्यांत गेल्या. जुन्या विश्वस्तांचे वर्ग भाड्याच्या खोल्यांत भरूं लागले. तरी बहुतेक विद्यार्थी त्यांच्याच मागें गेले! उद्यां आपल्या पदवीस कोण विचारील, हें कोणासच ठाऊक नव्हतें. म्हणून त्या पोरांचें धैर्य आम्हांस कॉलेजचे वकील डॅनियल वेब्स्टर यांच्या गाजलेल्या वक्तृत्वाहूनही मोठें वाटतें. सनद हा करार असून तो कायदेमंडळास मोडतां येत नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १८१९ मध्यें दिला. विद्यापीठ बंद पडलें. कॉलेज अद्याप चालूं आहे, आणि नांवही कॉलेजच ठेवून आहे.